पट्टा एका बाजूला का झुकतो : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

बाहेरून प्रकाश सोडल्यावर डायोड लेसर कसा वागतो, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : मी 1946 सालचे अ‍ॅडलरचे समीकरण (एक दोलक दुसऱ्याच्या वारंवारतेला कधी बांधला जातो ते सांगणारे) डायोडला सरसकट लावले, त्यामुळे लॉकिंगचा पट्टा, म्हणजे वारंवारतेत जितका फरक असेपर्यंत लेसर बाहेरच्या प्रकाशाला बांधलेला राहतो ती मर्यादा, दोन्ही बाजूंना सारखा असतो असा वाचकांचा समज होतो, अस्थिर वर्तनाला मी जेमतेम दोन ओळी दिल्या, आणि एकूण लेख ‘इंदुरात बसून पुस्तके चाळून’ लिहिलेला दिसतो.

हे शेवटचे वाक्य आपण गाळले असते तर बरे झाले असते. वाद पट्ट्याच्या रुंदीचा होता, माझ्या पत्त्याचा नव्हे. ज्या शहरात 1984 साली पायाभरणी झालेले राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे आणि जिथे 780 नॅनोमीटरच्या लेसरने रुबिडियमचे अणू थंड केले जातात, त्या शहराविषयी लिहिताना थोडी चौकशी करायला हरकत नव्हती. माझ्यापुरते सांगायचे तर, उमेदवारीच्या काळात आयसोलेटरच्या (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या साधनाच्या) बाजूच्या तोंडातून मास्टरचा, म्हणजे वारंवारता ठरवून देणाऱ्या लेसरचा, प्रकाश स्लेव्ह, म्हणजे त्याच्यामागे चालणाऱ्या, डायोडमध्ये नेमका उतरवण्यासाठी मी आरशांचे स्क्रू पिळत रात्री काढल्या आहेत. पुस्तके मी चाळतो. तो गुन्हा आहे हे मला ठाऊक नव्हते.

आता अ‍ॅडलर. ते समीकरण विद्युत दोलकांसाठी मांडले गेले आणि 1966 साली स्टोव्हर व स्टायर यांनी हीलियम-निऑन लेसर दुसऱ्या लेसरला बांधून दाखवला, तेव्हा ते तिथेही उपयोगी पडले. मी त्याच्यापासून सुरुवात केली ती एवढ्यासाठी की पट्टा प्रकाशशक्तींच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाप्रमाणे रुंदावतो, म्हणजे आत सोडलेला प्रकाश चौपट केला की रुंदी दुप्पट होते, हे त्यातून चटकन कळते. डायोडमध्ये पुढची भानगड निराळी असते, आणि माझ्या लेखातही ‘डायोडचा स्वभाव वेगळा’ असे वाक्य आहे. आपण तिथवर पोहोचला नसाल. बाहेरचा प्रकाश आत शिरला की उद्दीपित उत्सर्जन वाढते, त्यात वाहक (अर्धवाहकातले फिरते विद्युतभार) खर्ची पडतात, वाहक घटले की अर्धवाहकाचा अपवर्तनांक वाढतो आणि पोकळीची (लेसरमध्ये प्रकाश जिथे मागेपुढे फिरतो त्या जागेची) स्वतःची वारंवारता खाली सरकते. म्हणून मास्टर वारंवारतेत खालच्या बाजूला असेल तर पोकळी आपणहून त्याच्याकडे झुकते. तो वर असेल तर ती त्याच्यापासून दूर जाते. हे जोडनाते हेन्रीने 1982 साली अल्फा या गुणकात बसवले आणि लँगने त्याच वर्षी लॉकिंगचा पट्टा त्यामुळे असममित होतो हे दाखवले. अल्फा 3 धरला, तर खालची बाजू वरच्या बाजूच्या तिपटीहून थोडी मोठी भरते.

हे केवळ कागदावरचे नाही. मास्टर स्थिर ठेवून फाब्री-पेरोचे (प्रकाशातल्या वारंवारता वेगळ्या करून दाखवणाऱ्या साधनाचे) शिखर ऑसिलोस्कोपवर पाहत स्लेव्हचा करंट वाढवत न्यावा. डायोड तापतो, त्याची स्वतःची वारंवारता उतरते, म्हणजेच मास्टर तुलनेने वर जातो. आणि पट्ट्याच्या त्या कडेला पोहोचताच मुख्य शिखराच्या दोन्ही बाजूंना, काही गिगाहर्ट्झवर, बारीक शिखरे उगवतात. वाहक आणि फोटॉन यांच्यातली देवघेव शमेनाशी झाल्याची ती खूण. करंट उतरवत दुसऱ्या कडेला गेलो की लॉक सुटतो आणि स्लेव्हचे जुने शिखर परत डोके वर काढते. ज्याने हे एकदा पाहिले आहे तो दोन्ही बाजू सारख्या असतात असे स्वप्नातही लिहिणार नाही, आणि मीही तसे लिहिलेले नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करतो : आकृतीच्या आडव्या अक्षावर एकक लिहायचे राहिले होते. ते घातले आहे.

अस्थिर वर्तनाला दोनच ओळी का, याचे उत्तर सरळ आहे : लेख लॉकिंगवर होता. आवर्त दुप्पट होत जाणे, कोलाहली दोलने, त्यातून सूक्ष्मतरंग मिळवणे हे सगळे एका लेखात कोंबायला मी विश्वकोश लिहीत नाही. बाकीच्या मुद्द्यांवर वेळ घालवण्यासारखे काही दिसले नाही.

पुन्हा लिहावेसे वाटलेच, तर आपण कोणत्या डायोडवर, किती मिलिवॅट आत सोडून आणि वारंवारतेतला किती फरक ठेवून पाहिले, ते आकडे सोबत द्यावेत. त्यांच्यावर बोलता येईल.