बायकोवर हात उचललाय? टेन्शन नका घेऊ

आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या मावशींच्या केसचा गेल्या मंगळवारी निकाल लागला. २०२१ ची मारहाण, वरच्या ओठाला चार टाके. नवरा ४९८अ मधून, म्हणजे बायकोच्या छळाच्या कलमातून सुटला, संशयाचा फायदा. ३२३, म्हणजे साध्या मारहाणीच्या कलमाखाली दोषी. शिक्षा? कोर्ट उठेपर्यंत कैद आणि हजार रुपये दंड. म्हणजे साहेब पंख्याखाली बाकावर बसले, एक डुलकी काढली आणि संध्याकाळी घरी! तेव्हा गरजू नवरोबांसाठी माझे चार सल्ले.

पांढरा शर्ट, कडक इस्त्री.

म्हातारी आई सोबत न्या. बीपी असेल तर उत्तमच.

"घरात कमावता मी एकटाच" म्हणा. सहा घरच्या पोळ्या लाटणारी बायको शेजारीच उभी असली तरी चालतं.

आणि हुकमी एक्का, "पहिलाच गुन्हा आहे साहेब." पहिलाच हं! त्याआधी ती तीनदा चौकीत जाऊन आली होती, एकदा तर रात्री साडेअकराला, पायात चप्पलसुद्धा नाही, पण एकदा नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद घेतली, एकदा "घरचं मॅटर आहे, सकाळी या", आणि एकदा दोघांना समोर बसवून चहा पाजून समजूत काढली, म्हणजे तिची काढली, त्याची कशाला काढतील, आणि यातलं काही म्हणजे काही कोर्टापर्यंत पोचलं नाही, मग बारा वर्षांचा मार गेला कुठे? कागदावर हा माणूस आयुष्यात एकदाच चिडला! अहो ३२३ ला वर्षभरापर्यंत कैद देता येते. नव्या न्याय संहितेत दंडाची मर्यादा दहा हजार केली, कैद तेवढीच ठेवली. लायसन्सशिवाय गाडी चालवली तर पाच हजार जातात.

बास. नाही जमत मला हे विनोदी लिहायला. तो हजाराचा दंड कोणी भरला माहितीये? मावशींनी सोमवारी माझ्याकडून उचल घेतली होती, गॅससाठी. वकिलाने पैसे तयार ठेवायला सांगितलेले, याने रात्री तिच्या पाकिटातून काढून नेले. मार तिने खाल्ला, दंडही तिचाच, आणि तो गेला सरकारजमा.

आणि चाळीतले तुम्ही पाच जण, ज्यांनी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. एकाने तरी साक्षीला यायचं होतं की. परवा त्याच मावशींना विचारत होतात, "मिटलं ना एकदाचं?" लाज नाही वाटत?