मांजराचा फास्टॅग

काल रात्री पावणेअकराला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना पडली : ‘ज्यांची मांजर पार्किंगमध्ये व्यायली आहे त्यांनी चारही पिल्ले त्वरित हलवावीत.’ खाली माझा नंबर टॅग. माझ्याकडे बोका आहे. तोही खच्ची केलेला.

सकाळी मन्याला टोपलीत घालून लशीसाठी निघालो, तर तळमजल्याच्या काकांनी जिन्यातच गाठलं. पिल्लं त्यांच्याच स्कूटरच्या कव्हरखाली आहेत.

“याला चिप आहे म्हणे?”

“आहे.”

“मग दाखवा मोबाईलवर, नऊ आठवड्यांपूर्वी हा रात्री कुठं होता!”

मांजराचे दिवस साधारण 63 ते 65 असतात. काका हिशेब करूनच आले होते.

मी सांगितलं, त्यात बॅटरी नसते, त्यामुळे ठावठिकाणा कळत नाही. तांदळाच्या दाण्याएवढी नळी, 12 मिलीमीटर लांब, 2 मिलीमीटर जाड. स्कॅनर जवळ नेला की त्याच्या लहरींवर क्षणभर जागी होते, 15 आकडी नंबर सांगते आणि परत झोपते.

“म्हणजे फास्टॅग!”

“जातकुळी तीच.”

“मग घोटीच्या नाक्यावर पैसे कापतात का याचे?”

मी हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी मोबाईल काढला, चहावाल्याला पैसे देताना धरतात तसा मन्याच्या मानेवर धरला, मग पाठीवर, मग पोटाखाली. मन्यानं जांभई दिली. “काहीच येत नाही. बोगस बसवलीय तुम्हाला.” आता ती चिप बोलते 134.2 किलोहर्ट्झवर आणि मोबाईलमधली एनएफसी, म्हणजे जवळ धरून चिप वाचायची सोय, चालते 13.56 मेगाहर्ट्झवर. पण हे ऐकायला काका थांबतात कुठले? ते शेपटीपर्यंत पोचले होते.

खरी बोगसगिरी वेगळीच असते. चिप दोन खांद्यांच्या मधे, कातडीखाली, जाड सुईनं बसवतात. टोचायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा ती वाचून बघायची असते. पुढं ती कधी सरकून खांद्यावर किंवा पार पुढच्या पायाकडं जाते, म्हणून स्कॅनर सावकाश सगळ्या अंगावरून फिरवावा लागतो. एवढं करून नंबरचं स्टिकर लशीच्या पुस्तकात चिकटवायचं, पुस्तक कपाटात ठेवायचं आणि त्या नंबरापुढं मालकाचं नाव-फोन लिहायची नोंदणी राहिलीच! किंवा नोंदणीत जुना मोबाईल नंबर. मग ते मांजर सापडलं तरी 15 आकडे नुसते आकडेच. इंग्लंडात 10 जून 2024 पासून पाळीव मांजर 20 आठवड्यांचं व्हायच्या आत त्याला चिप बसवणं सक्तीचं आहे, नाही तर 500 पौंडांपर्यंत दंड. पण तिथंही फोन लागतो तो मालकानं नोंदवलेल्याच नंबरावर. सिंहस्थात रामकुंडावर हरवलेल्या माणसाचं नाव निदान भोंग्यावर पुकारता येतं, कारण ते तो स्वतः सांगतो.

काकांचा मुद्दा मात्र सोडून देण्यासारखा नाही : बाप कोण? खच्ची केल्यावरही काही आठवडे बोक्याचा भरवसा नसतो. मन्याला खच्ची करून चार वर्षं झाली. शिवाय एका वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, म्हणजे नोटीस काढायचीच तर निम्म्या इंदिरानगरातल्या बोक्यांना काढा.

आणि आई? पार्किंगमधली ती करडी भाटी. गेली दोन वर्षं तिला रोज संध्याकाळी दूधभात मिळतो. मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचत नाही, ते राहू द्या. वाटी स्टीलची आहे आणि वाटीवर काकूंच्या माहेरचं नाव कोरलंय. जेवू घालायला जीव तुटतो, पण शस्त्रक्रियेची वर्गणी मागितली की सगळ्यांच्या घरी लग्नकार्य निघतं. मादी चार महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, पिल्लं अंगावर पीत असतानाही. म्हणून पिल्लं आत्ता उचलायची नाहीत. ती खायला लागून दूध तुटलं की आईला पिंजऱ्यात धरायचं, शस्त्रक्रिया करायची, बेशुद्धीतच डाव्या कानाचं टोक सरळ कापून घ्यायचं म्हणजे तिला पुन्हा कुणी पकडणार नाही, आणि आणून इथंच सोडायचं. हे सगळं मी मागच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं. ठराव झाला तो पार्किंगमधल्या दिव्याचा.

काकांना म्हटलं, “निम्मे पैसे मी देतो, निम्मे तुम्ही घाला.”

“आम्ही का? आमची थोडीच आहे ती!” काकांनी मोबाईल खिशात टाकला. “चिप कुठाय तिला आमच्या नावाची?”