‘दादरच्या जुन्या श्रोत्या’ला उत्तर

नमस्कार,

गायकांनी चाहत्यांशी ऑनलाइन संपर्क कसा ठेवावा, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘लाइव्हमध्ये तानपुरा गायब होतो, आवाज फाटतो. तुमच्यासारख्या फोनवाल्यांना गाण्यातलं काय कळतं? संध्याकाळी 7 वाजता लाइव्ह बघायला कोण घरी असतं? गवयाने रियाज करावा, दुकान मांडू नये.’

मतभेद असू देत हो, पण ‘तुमच्यासारख्या फोनवाल्यांना’? तेही टोपणनावाआडून? गायक-वादकांचं लाइव्ह लावून देणं हा माझा रोजचा धंदा आहे. पहिल्या रांगेत बसून मान डोलावणाऱ्यालाच गाणं कळतं, असा काही नियम नाही.

सातच्या वेळेबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. तेव्हा विरार-कर्जतच्या गाड्यांत माणसं लोंबकळत असतात, नेटही तुटतं. साडेनऊ बरी.

आता तानपुरा. तो गायब होतो हे खरंच, पण का होतो हे विचारायची तसदी तुम्ही घेतली नाहीत. फोनचा माइक आणि त्यामागचं सॉफ्टवेअर बोलण्यासाठी बसवलेलं असतं. एकसुरी, न थांबणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर, असं समजून ते तो कापून टाकतं. तानपुऱ्याचं वाजणंच तसं, त्यात त्याचा काय दोष? वर ऑटो गेन, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय, असतो. आलाप हळू असला की तो आवाज वर खेचतो, तबल्याची थाप पडली की सगळंच खाली दाबतो, गायकासकट. आणि फाटण्याचं म्हणाल, तर फोन तोंडाला चिकटवून तार षड्ज (वरचा सा) लावला की त्याचा माइक फाटणारच.

उपाय आहे. यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारी डबी, घ्या. गायकाचा माइक वीतभर लांब, तबल्याला वेगळा. तानपुऱ्याचं ॲप दुसऱ्या फोनवर लावून त्याचा आवाज स्पीकरमधून नव्हे, वायरने त्याच इंटरफेसमध्ये घ्या. गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) इतकाच ठेवा की तार सप्तकातही मीटर उणे 6 डेसिबलच्या वर जाणार नाही. लॅपटॉपवरून ओबीएस या लाइव्ह पाठवायच्या सॉफ्टवेअरने यूट्यूबला पाठवा आणि त्यातला नॉइज सप्रेशनचा, म्हणजे घरघर कापणारा, फिल्टर बंदच असू द्या. ‘आवाज स्वच्छ होतो’ म्हणून उत्साहाने तोच लावतात आणि तानपुरा पुन्हा गायब होतो. इंटरनेट शक्यतो केबलने. आदल्या दिवशी अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसणारं) लाइव्ह करून दुसऱ्या फोनवर हेडफोन लावून ऐका. फोनवरूनच जायचं असेल तर डू नॉट डिस्टर्ब लावा, नाहीतर ऐन द्रुत लयीत कुणाचा तरी कॉल येतो आणि लाइव्ह अडकतं. एवढं केलं की तानपुरा नीट ऐकू येतो. नाट्यगृहाच्या बाल्कनीत तुम्हाला तो किती ऐकू येतो, तेही एकदा कळवा.

‘दुकाना’वर काय लिहायचं? मैफलीचं तिकीट विकलेलं चालतं, त्याची खबर व्हॉट्सॲपवर दिली की दुकान! बरं, ती खबरही आपोआप पोचत नाही. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत, 256 जणच मावतात, आणि ज्यांनी गायकाचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज जातो. म्हणून मैफल संपल्यावर दाराशी एक माणूस उभा करायचा आणि लोकांना नंबर तिथल्या तिथे सेव्ह करायला लावायचा. याने रियाजाचा एक मिनिटही जात नाही.

पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने लिहा. टोपणनावाची आता मी छापणार नाही.