आजी अष्टविनायकाला गेली त्याची गोष्ट

‘तुम्हाला सुचतं कसं हो?’ लग्नाच्या पंगतीत कोणीतरी हे विचारतंच. मी तोंडात जिलेबी असल्याचा फायदा घेतो. खरं उत्तर असं आहे, की सकाळी सव्वासातला सेटवरून फोन येतो, ‘सर, लायटिंग झालंय, सीन नाही आला,’ आणि मग सुचतं. सुचलं नाही तरी सुचतं.

मी रोजच्या मालिकेचे संवाद लिहितो. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद माझे आणि शिव्या तिघांच्या, त्याही बहुतेक माझ्याच पत्त्यावर. अर्ध्या तासाच्या भागातून जाहिराती वजा केल्या की साधारण २२ मिनिटं उरतात. आठवड्याला सहा भाग, म्हणजे दोन तास बारा मिनिटं. दर आठवड्याला एक अख्खा सिनेमा! सिनेमावाले तेवढ्यासाठी लोणावळ्याला बंगला घेऊन वर्षभर बसतात म्हणे. फाळक्यांनी १९१३ साली पहिला सिनेमा काढला तो मुका होता, हे मला फार दूरदृष्टीचं वाटतं. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला आणि माझ्या धंद्यातल्या माणसांची झोप गेली ती गेलीच.

प्रेरणा मिळावी म्हणून एकदा दिवेआगरलाही जाऊन आलो. समुद्र, नारळ, एकांत. तीन दिवस सुरमई खाल्ली, एक ओळ लिहिली नाही. चौथ्या दिवशी खोलीचं बिल बघून एक अतिशय करुण प्रसंग सुचला, पण तो आमच्या मालिकेला फार जड झाला असता.

खरा माल घरातच असतो, पण तोही आता आटलाय. बायको भांडण सुरू करण्याआधी विचारते, ‘हे लिहिणार असशील तर मी काही बोलत नाही.’ मेहुणा माझ्यासमोर फक्त हवामानावर बोलतो. मोकळेपणानं बोलणारी एकच व्यक्ती राहिली आहे, ती म्हणजे चिंचवडची मावशी. कारण ती माझं ऐकूनच घेत नाही.

तर झालं असं, की आमच्या मालिकेतल्या आजींना नाटकाचा दौरा लागला. नागपूर, अमरावती, अकोला. ‘आजींची डेट नाही’ हे वाक्य लेखकाच्या कानाला ‘घरात पाणी शिरलंय’ असं ऐकू येतं. मीटिंगमध्ये एकानं उत्साहानं ‘मारून टाकू या’ सुचवलं. पण आजी लोकांच्या लाडक्या, आणि गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की आम्हालाच सुतक लागलं असतं. शेवटी आजींना अष्टविनायकाला पाठवायचं ठरलं. पुण्याचं काम, शिवाय चार भाग सुटले.

पण दौरा जोरात चालला आणि वाढला. मराठवाडा झाला, मग कोकण, मग गोवा. इकडे आजी यात्रेतच. घरात सुनांनी वाटण्या मांडल्या, नातवाचं लग्न मोडलं, आणि प्रत्येक भागात कोणीतरी हताशपणे म्हणायचं, ‘आज आजी असत्या तर...’ हे वाक्य मी अकरा वेळा लिहिलं. बाराव्या वेळेला माझा हात थांबला. सकाळी शूटिंग, रात्रीचा एक वाजलेला, समोर कोरं पान.

दुसऱ्या दिवशी सहाला मावशीचा फोन.

‘अरे, तुझी म्हातारी चालत गेली आहे का?’

‘कोण म्हातारी?’

‘तुमच्या मालिकेतली! अठरा दिवस झाले. आम्ही यात्रा कंपनीच्या बसनं गेलो होतो, दोन रात्री तीन दिवसांत आठही गणपती, वर प्रतिबालाजी. तुम्ही तिला पालीहून महडला जायला चार दिवस लावलेत. तासाभराचा रस्ता तो!’

मालिकेतला एक दिवस कधीकधी चार भागांचा असतो, हे मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. हा हिशेब मावशीला मान्य नाही. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करते.

‘आणि शेवटी परत मोरगावला यावं लागतं, नाहीतर यात्रा पुरी होत नाही. हे त्या चॅनेलच्या मुलीला सांग. आणि ह्या वयात लेण्याद्री? तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत रे! मी चढले होते, आणि उतरताना हा गुडघा जो धरला तो अजून...’

पुढचं तेलाचं आणि शेकाचं मी ऐकलं नाही. तासभर आधीच सीन गेला. घरी फोन वाजतो. सून उचलते. ‘काय? लेण्याद्रीला? पायऱ्यांवरून?’ हातातलं पूजेचं ताट खाली. आजी जुन्नरच्या दवाखान्यात, पाय मुरगळलेला. आजींची डेट लागत नाही, खर्च शून्य. इतका सुबक सीन मी वर्षभरात लिहिला नव्हता.

चॅनेलच्या मुलीलाही तो आवडला. म्हणजे असं, ‘सर, खूप रिलेटेबल आहे. पण आजी नुसत्या पडल्या? ढकलल्या तर?’

गणपतीच्या पायऱ्यांवर आजींना ढकलायला माणूस शोधण्यात माझे पुढचे पाच भाग गेले. मावशीनं त्या आठवड्यात माझा फोन घेतला नाही.

मग दौरा संपवून आजी परतल्या. ठणठणीत, गोव्याच्या उन्हानं किंचित रापलेल्या. महिनाभर लंगडायचं आहे हे त्यांना सेटवर कळलं. ‘नाटकात मी रोज दोन जिने पळत चढते,’ त्या मला म्हणाल्या, ‘आणि इथे तुम्ही मला काठी देताय?’ मी मान खाली घातली. लेखकाची मान तशीही खालीच असते, लॅपटॉपमुळे.

परवा दुपारी पुन्हा फोन. ‘सर, आजींचा पाय कुठला? सकाळी डावा लंगडला, आता मॅडम उजवा म्हणतायत. लायटिंग झालंय.’

मी सीन काढून बघितला. मी नुसतं ‘पाय’ लिहिलं होतं. मावशीला फोन लावला. नशिबानं उचलला.

‘मावशी, तुझा गुडघा कुठला गं दुखतो?’

पलीकडे बराच वेळ शांतता. नुसता टीव्हीचा आवाज.

‘उजवा,’ मावशी म्हणाली. ‘पण मी पडले नव्हते हां. आणि मला कुणी ढकललंही नव्हतं. नीट लिही.’