यंदा एसएमसीसाठी मी नाव देतेय, तुम्ही पण द्या

आमच्या भांडुपच्या पालिका शाळेत येत्या पालकसभेत शाळा व्यवस्थापन समिती (एसएमसी) नव्याने निवडायची आहे आणि मी सदस्य म्हणून नाव देणार आहे. आधीच सगळ्यांना सांगून टाकते, म्हणजे मग कोणी म्हणायला नको की गुपचूप केलं. आणि नुसतं नाव देणार नाही, निवड खरी व्हावी म्हणून सभेत उभी राहून बोलणार पण आहे.

कारण आत्तापर्यंत काय होतं? वर्किंग डेला सकाळी अकराची सभा. आमच्या टेकडीवरच्या बायका त्या वेळी मुलुंडला नाहीतर पवईला कामावर असतात, पुरुष रिक्षावर नाहीतर कंपनीत, मग जे सात-आठ जण पोचतात त्यांच्यातलीच नावं लिहायची, रजिस्टर फिरवायचं, सह्या घ्यायच्या, झाली समिती. बऱ्याच जणींना आपण सदस्य आहोत हेच माहीत नसतं, सही कशावर केली ते पण माहीत नसतं. मला ह्याचा खरंच राग येतो, कारण कायद्याने ही समिती आपल्या हातात दिलीये.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. आपल्याकडे अध्यक्ष पण पालकांमधलाच होतो, मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचं, शाळा विकास आराखडा करायचा, आलेलं अनुदान कुठे खर्च झालं ते बघायचं, हे सगळं समितीचं काम आहे, कोणाची मेहरबानी नाही. विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलमच लागू नाही. तिथे २०११ च्या फी कायद्याप्रमाणे पीटीएची, म्हणजे पालक-शिक्षक संघाची, कार्यकारी समिती असते आणि ती चिठ्ठ्या टाकून ठरते. आपल्याला निवडून द्यायची संधी आहे आणि आपण ती रजिस्टरवरच्या एका सहीत घालवतो.

आता पैशाचं बघा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला पटाप्रमाणे वर्षाचं अनुदान ठरलेलं आहे, पट १०१ ते २५० असेल तर ५० हजार, २५१ ते १००० असेल तर ७५ हजार, आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे. मोठी रक्कम नाही, मान्य. पण आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या मुलींच्या टॉयलेटला कडी नाहीये, कितीतरी महिने नाहीये, एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेर दरवाजा धरून उभी राहते, आणि सोबतीला कोणी नसेल तर जायचंच नाही. माझी मुलगी पाण्याची बाटली भरलेलीच घरी आणते. विचारलं तर म्हणते पाणी प्यायलं की जावं लागतं ना. दहा वर्षांची पोरगी दिवसभर तहान मारते, आणि एका कडीला किती पैसे लागतात हो? हे समितीच्या बैठकीत बोलायचं, ठरावात लिहायचं, आणि पुढच्या बैठकीत कडी लागली का विचारायचं, एवढंच तर आहे.

आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, अगं कशाला पुढे पुढे करतेस, पोर तिथेच शिकतेय, उद्या तिच्यावर राग काढतील. ही भीती मी सगळ्यांकडून ऐकलीये आणि ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण एकटी आई ऑफिसात जाऊन बोलली तर ती एकटी पडते, समितीने ठराव केला तर तो समितीचा असतो, कोणा एकीचा नाही. म्हणूनच तर निवडून आलेली समिती पाहिजे. आणि बाई-सर काही आपले दुश्मन नाहीत. आमच्या वर्गाच्या बाई जीव तोडून शिकवतात, पण त्यांना सारखं कुठल्या ना कुठल्या बाहेरच्या कामाला लावतात आणि वर्ग दुसऱ्या वर्गात नेऊन बसवतात. कलम २७ मध्ये स्पष्ट आहे, जनगणना, आपत्तीचं काम आणि निवडणुका सोडून शिक्षकांना बिगर-शैक्षणिक काम द्यायचं नाही. हे बाईंना बोलता येत नाही, पालकांच्या समितीला लिहून देता येतं.

काही जण म्हणतात नगरसेवकाला सांगू. मार्च २०२२ ला पालिकेची मुदत संपली, त्यानंतर कित्येक वर्षं प्रशासकच होता, नगरसेवक नाही, शिक्षण समिती नाही. तेव्हा शाळेच्या बाबतीत पालकांच्या मताने निवडायची म्हणून एकच गोष्ट शिल्लक होती, ती ही समिती, आणि ती पण कागदावर. मराठी शाळा बंद पडतायत म्हणून आपण सगळे पोस्ट टाकतो (मी पण टाकते), पण ज्या शाळेत आपली मुलं आज बसलीयेत तिथल्या सभेला जायला पाहिजे ना?

मी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिलाय की सभा रविवारी नाहीतर संध्याकाळी घ्या, विषय आठ दिवस आधी बोर्डावर लावा, आणि निवड हात वर करून मोजून करा. तारीख आली की ग्रुपवर टाकते. भांडुपच्या आमच्या शाळेतले जे पालक आहेत त्यांनी या, कामावरून एक तास सुट्टी मागावी लागली तरी या. दुसरी कोणी उभी राहणार असेल तर खुशाल राहा, कडीचा आणि बाईंच्या ड्युटीचा विषय घेणार असशील तर माझं मत तुलाच. बाकी शाळांतल्या लोकांनी आपल्या ऑफिसात जाऊन विचारा, आमच्या समितीत कोण कोण आहे आणि मागच्या बैठकीचं इतिवृत्त दाखवा. काय उत्तर मिळालं ते खाली लिहा.