देल पिलार चैन करायला स्पेनला गेले नव्हते

फिलिपाइन्सच्या स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्याबद्दल एक मजकूर सध्या खूप फिरतो आहे. मार्सेलो देल पिलार आणि त्यांच्यासारखे सुधारक अटकेच्या भीतीने स्पेनला पळाले, तिथे चैनीत राहिले, राज्यकर्त्यांकडे अर्ज-विनंत्या करत बसले. क्रांती मायदेशात आंद्रेस बोनिफासियो यांनी केली आणि तिच्याशी या लोकांचा काडीचाही संबंध नव्हता, असं त्यात म्हटलं आहे. बोनिफासियो यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांचं मोठेपण सांगायला दुसऱ्याच्या उभ्या आयुष्यावर बोळा फिरवावा लागत नाही.

पहिला आरोप पळून जाण्याचा. २८ ऑक्टोबर १८८८ रोजी देल पिलार यांनी मनिला सोडलं आणि अटक चुकवण्यासाठीच सोडलं, हे खरं आहे. पण अटक कशासाठी होणार होती, हे त्या मजकुरात कुठेच नाही. तेव्हा गावोगावचा कारभार फ्रायर म्हणजे स्पॅनिश मठवासी पाद्र्यांच्या मुठीत होता. करदात्यांच्या यादीपासून गावच्या निवडणुकीपर्यंत त्यांचा शब्द चाले. बुलाकान प्रांतातले हे वकील त्या सत्तेला गावातच आव्हान देत होते. १८८२ मध्ये 'दियारियोंग तागालोग' हे वृत्तपत्र काढण्यात ते पुढे होते. १८८५ मध्ये करयाद्यांवरून पाद्र्यांशी भांडणाऱ्या, बुलाकानमधल्याच मालोलोसच्या गावप्रमुखांच्या पाठीशी ते उभे राहिले. कोंबड्यांच्या झुंजींचा आखाडा असो की गावचा चौक, ते तिथल्या लोकांशी त्यांच्याच तागालोगमध्ये बोलत. पाद्र्यांनी पाठ करून घेतलेल्या प्रार्थनांचं त्यांनी विडंबन केलं. त्यात मेरीमातेच्या जागी नाण्याला वंदन आहे! ज्याला स्पॅनिशचं अक्षरही कळत नव्हतं, त्यालाही हे कळत होतं. १ मार्च १८८८ रोजी मनिलात मोर्चा निघाला आणि पाद्र्यांना देशाबाहेर काढा अशी मागणी झाली, त्यामागेही त्यांचा हात होता.

हद्दपारी म्हणजे काय, हे त्यांनी घरातच पाहिलं होतं. त्यांचे थोरले भाऊ तोरिबियो स्वतः धर्मगुरू होते. १८७२ मध्ये काविते इथे स्पॅनिश सत्तेविरुद्ध झालेल्या बंडानंतर त्यांना मारियाना बेटांवर धाडण्यात आलं. अशा राज्यात तुरुंगात मुकं होऊन पडण्यापेक्षा बाहेर जाऊन बोलत राहणं त्यांनी निवडलं. मला त्यात भित्रेपणा दिसत नाही.

चैनीचा आरोप वाचून मात्र मला संताप येतो. माद्रिदमधले काही श्रीमंत फिलिपिनो तरुण जुगार खेळत आणि त्यांचे सहकारी सुधारक, लेखक होसे रिझाल यांनी त्याबद्दल देल पिलार यांच्याकडेच तक्रार केली होती, हे मान्य. पण देल पिलार त्या तरुणांपैकी नव्हते. पत्नी मार्सियाना मागे राहिली. सात मुलांपैकी सोफिया आणि अनिता या दोघीच जगल्या होत्या. त्या वडिलांविना वाढल्या आणि वडील त्यांना पुन्हा कधी दिसले नाहीत. डिसेंबर १८८९ मध्ये त्यांनी ग्रासियानो लोपेस हाएना यांच्याकडून 'ला सोलिदारिदाद' या सुधारकांच्या पाक्षिकाचं संपादन घेतलं आणि जवळजवळ सहा वर्षं ते चालवलं. मनिलाहून येणारा पैसा आटत गेला. जेवणाचे वांधे झाले. थंडीत रस्त्यावरची सिगारेटची थोटकं वेचून ओढायची वेळ आली. १५ नोव्हेंबर १८९५ ला शेवटचा अंक निघाला. ४ जुलै १८९६ रोजी बार्सेलोनातल्या एका धर्मादाय रुग्णालयात क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते ४५ वर्षांचे होते. अस्थी मायदेशी पोचायला १९२० उजाडलं.

आता अर्ज-विनंत्यांचं. त्यांच्या मागण्या मवाळ वाटतात खऱ्या: स्पेनच्या संसदेत प्रतिनिधित्व, कायद्यापुढे समानता, पाद्र्यांच्या सत्तेचा अंत. पण फिलिपाइन्सचं संसदेतलं प्रतिनिधित्व १८३७ मध्ये काढून घेतलेलं होतं आणि क्यूबा व पोर्तो रिको या स्पेनच्याच वसाहतींना मात्र तिथे जागा होत्या. म्हणजे ही भीक नव्हती, हिरावलेला हक्क परत मागणं होतं. तो मिळाला असता तर मनिलातला मनमानी कारभार थेट संसदेत उघडा पडला असता. तो नाकारला गेला आणि स्पेनकडून न्याय मिळेल ही आशा वर्षागणिक विझत गेली. माझ्या मते बंडाची जमीन त्या नकारांनीच तयार केली.

या काळात गावाकडचं लक्षही सुटलं नव्हतं. डिसेंबर १८८८ मध्ये मालोलोसच्या वीस तरुणींनी गव्हर्नर जनरल वेय्लर यांच्याकडे रात्रशाळेची परवानगी मागितली. देल पिलार यांनी बार्सेलोनाहून रिझाल यांना लिहिलं, या मुलींना तागालोगमध्ये पत्र पाठवा. लंडनमध्ये असलेल्या रिझाल यांनी फेब्रुवारी १८८९ मध्ये ते लिहिलं. मुलींच्या शिक्षणाबद्दलचं ते पत्र फिलिपाइन्समध्ये आजही वाचलं जातं.

राहिला क्रांतीशी संबंध. बोनिफासियो यांनी ज्या संघटनेतून क्रांती केली, ती कातिपुनान ही गुप्त संघटना जुलै १८९२ मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष देओदातो आरेल्यानो होते. ते देल पिलार यांचे मेहुणे. १८९६ मध्ये कातिपुनानने 'कालायान', म्हणजे 'स्वातंत्र्य', हे आपलं वृत्तपत्र काढलं. खरं काम एमिलियो हासिंतो करत आणि छपाई मनिलातच चाले. पोलिसांची दिशाभूल व्हावी म्हणून छपाईचं ठिकाण योकोहामा दाखवलं होतं. संपादकाच्या जागी नाव होतं मार्सेलो देल पिलार. बोनिफासियो यांच्या माणसांनीच ते निवडलं होतं.