सॉफ्टवेअर येतं, चिखलाचं काय?
क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर शिकलं की नोकरी पक्की, असं एका लेखात म्हटलंय. अहो, इतकं सोपं असतं तर! मुंबईतल्या आमच्या कॉलेजात वर्षभर कुठलं बटण दाबायचं तेवढंच शिकवलं. प्रोजेक्टला मी ठाणे खाडीतली तिवरं घेतली. सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, एक पिक्सेल म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवर १० मीटरचा. एका तारखेला तिवरं भरपूर, दुसऱ्या तारखेला कडेची गायब. तोड झाली म्हणून मी लिहूनही मोकळा! मग भांडुपला गुडघाभर चिखलात उभं राहिल्यावर डोक्यात प्रकाश पडला. ते दुसरं चित्र भरतीच्या वेळचं होतं, लहान झाडं पाण्याखाली. भरती-ओहोटीचं कोष्टक बघा, असं एकाही सरांनी सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात ढगांतून आरपार बघायला रडार लागतं, तो धडा तर एका तासात उरकला.